इथंबुटॉल शुद्ध असलं तरी डोळे का तपासायचे?

औषधांमधली कायरॅलिटी (रेणू आणि त्याची आरशातली प्रतिमा एकमेकांवर तंतोतंत न बसणं) हा भाग शिकवायला घेतला की दोन उदाहरणं हमखास येतात, थॅलिडोमाइड (गरोदरपणात घेतल्यावर बाळांत व्यंगं आणणारं औषध) आणि इथंबुटॉल. दुसऱ्याबद्दलचं वाक्य साधारण असं असतं: एस-एस आयसोमर क्षयरोग बरा करतो, आर-आर आयसोमर आंधळेपण आणतो. आयसोमर म्हणजे तेच अणू, पण वेगळी मांडणी; एस आणि आर ही एका कार्बनभोवतीच्या दोन उलट मांडण्यांची नावं, आणि इथे असे कार्बन दोन आहेत म्हणून अक्षरं दोन. वाक्य लहान आहे, लक्षात राहतं आणि एका गुणाच्या प्रश्नाला पुरतं. पण आपल्याकडे टीबीच्या रोजच्या गोळीत जे इथंबुटॉल असतं ते एस-एसच असतं. आर-आर त्यात घालतच नाहीत. तरीही उपचार सुरू करताना डॉक्टर नजर तपासतात, लाल-हिरवा ओळखता येतो का ते बघतात, आणि मध्येच अंधुक दिसायला लागलं तर लगेच कळवा असं बजावून सांगतात. वाईट आयसोमर गोळीत नसेल, तर मग हा धोका कुणाचा?

हे प्रकरण या एका प्रश्नाचं आहे. उत्तर शोधताना स्टिरिओआयसोमरचा जवळजवळ सगळा धडा वाटेत लागतो: कायरल कार्बन, मेसो रूप, एनान्शिओमर आणि डायस्टिरिओमर यांतला फरक, रेसिमिक मिश्रण वेगळं करणं, आणि शुद्धता मोजणं. पाठ्यपुस्तकात हे सगळे मुद्दे वेगवेगळ्या रेणूंवर शिकवले जातात, त्यामुळे त्यांचा एकमेकांशी संबंध काय ते कळत नाही. इथे एकाच रेणूवर ते सगळे लागू पडतात.

आधी रेणू कुठून आला ते पाहू. न्यूयॉर्क राज्यातल्या पर्ल रिव्हर इथे लेडर्ली लॅबोरेटरीज ही अमेरिकन सायनामिड कंपनीची संशोधनशाळा होती. तिथे क्षयाच्या जंतूंवर चालेल असं काहीतरी मिळावं म्हणून असंख्य रसायनं सरसकट तपासली जात होती. त्या चाळणीत एक अगदी साधं संयुग हाती लागलं. मध्ये दोन कार्बनची साखळी, तिच्या दोन्ही टोकांना एकेक नायट्रोजन, आणि प्रत्येक नायट्रोजनवर एक आयसोप्रोपिल गट. नाव डायआयसोप्रोपिल इथिलीनडायअमाइन. या रेणूत कायरल कार्बन एकही नाही. आयसोप्रोपिलच्या मधल्या कार्बनवर दोन मिथिल गट असतात, दोन्ही सारखे, म्हणून आरशातली प्रतिमा आणि मूळ रेणू यांत फरक उरत नाही.

मग रसायनशास्त्रज्ञ अशा वेळी जे करतात ते सुरू झालं, रेणूत थोडे थोडे बदल. एका मिथिलच्या जागी हायड्रॉक्सीमिथिल घालून पाहायचं, उरलेलं मिथिल लांबवून इथिल करायचं. ज्या क्षणी त्या कार्बनवरचे दोन सारखे गट वेगळे झाले, त्या क्षणी तो कार्बन कायरल झाला. त्याच्यावर आता चार वेगवेगळे शेजारी आहेत: नायट्रोजन, हायड्रॉक्सीमिथिल, इथिल आणि हायड्रोजन. रेणूच्या दोन्ही टोकांना हेच. म्हणजे औषधाचा जोर वाढवण्यासाठी केलेल्या बदलाबरोबर कायरॅलिटी फुकटात आली, कुणी ती मागितली नव्हती. विल्किन्सन, शेफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1961 मध्ये हे काम प्रसिद्ध केलं. त्यांच्या लेखाच्या शीर्षकातच स्टिरिओ-विशिष्टतेचा उल्लेख होता, कारण या नव्या रेणूचे आयसोमर एकमेकांपासून फारच वेगळे वागत होते.

आता मोजणी. दोन कायरल कार्बन, म्हणून दोनचा दुसरा घात, म्हणून चार आयसोमर. बारावीच्या मुलाला विचारा, बी.एस्सी.च्या मुलाला विचारा, बहुतेकांचं उत्तर हेच येतं आणि ते चूक आहे. सूत्र चुकीचं नाही, ते इथे लावणं चुकीचं आहे. सूत्र कमाल संख्या सांगतं. इथंबुटॉलचे दोन अर्धे भाग हुबेहूब सारखे आहेत, आणि रेणूला स्वतःचं 'डावं टोक' आणि 'उजवं टोक' असं काही नसतं. एका टोकाला आर आणि दुसऱ्याला एस असा रेणू घ्या आणि टेबलावर तसाच गोल फिरवा. तो एस-आर झाला. दोन नावं, रेणू एकच. हाच मेसो आयसोमर. त्याच्या एका अर्ध्या भागाची प्रतिमा म्हणजेच दुसरा अर्धा भाग, म्हणून पूर्ण रेणू कायरल नाही, कायरल कार्बन दोन असूनही. म्हणून एकूण आयसोमर तीन: एस-एस, आर-आर आणि मेसो.

हे वहीत वेजच्या रेषा काढून समजत नाही, असं माझं मत आहे. मॉडेलचा डबा काढावा लागतो. काळे गोळे कार्बनचे, निळे नायट्रोजनचे, लाल ऑक्सिजनचे. आधी एस-एस तयार करून बाजूला ठेवायचा, मग मेसो. मेसोच्या मधल्या दोन कार्बनमधला बंध हळूहळू फिरवत गेलं की एक अवस्था अशी येते, की दोन्ही टोकांचे निळे आणि लाल गोळे समोरासमोर येतात आणि मधोमध उभा आरसा धरला तर अर्धा रेणू झाकूनही चित्र पूर्ण दिसतं. एस-एसमध्ये कितीही फिरवा, ही अवस्था येत नाही. तिथे आरसा नाही, फक्त फिरण्याचा अक्ष आहे: रेणू अर्धा वळसा फिरवला की तो पुन्हा तसाच दिसतो. सममिती दोघांनाही आहे, पण वेगवेगळ्या प्रकारची. 'सममिती असेल तर कायरल नाही' असं जे सर्रास सांगितलं जातं, ते या मॉडेलवर उघडं पडतं. फिरण्याचा अक्ष कायरॅलिटीला अडवत नाही, आरशाचं प्रतल अडवतं.

इथे हुशार विद्यार्थी एक आडवा प्रश्न विचारतो, आणि तो विचारायलाच हवा. नायट्रोजनवर पण चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत ना? दोन बाजूंचे दोन वेगळे कार्बन, एक हायड्रोजन आणि इलेक्ट्रॉनांची एकाकी जोडी. मग नायट्रोजन कायरल केंद्र का नाही? कारण साध्या अमाइनमधला नायट्रोजन वाऱ्यात उलटणाऱ्या छत्रीसारखा सेकंदात असंख्य वेळा आतून बाहेर होत राहतो, त्यामुळे त्याची कुठलीच रचना टिकत नाही. शिवाय औषध दिलं जातं ते डायहायड्रोक्लोराइड क्षाराच्या रूपात. त्या क्षारात प्रत्येक नायट्रोजनवर दोन हायड्रोजन येतात, म्हणजे चार वेगळे शेजारीच उरत नाहीत. प्रश्न तिथेच मिटतो.

या तिघांचे आपसातले नातेसंबंध नीट लक्षात घ्यायला हवेत, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर आहे. एस-एस आणि आर-आर हे एकमेकांचे एनान्शिओमर, म्हणजे एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा. वितळबिंदू, विद्राव्यता, पाण्यातलं वागणं, सगळं तंतोतंत सारखं. ध्रुवित प्रकाश एक जण उजवीकडे वळवतो, दुसरा तेवढाच डावीकडे. मेसो मात्र या दोघांचाही डायस्टिरिओमर, म्हणजे आयसोमर खरा, पण कुणाचीच आरशातली प्रतिमा नाही. त्याचे भौतिक गुणधर्म वेगळे, आणि ध्रुवित प्रकाशाशी त्याचा काहीच संबंध नाही, तो शून्य वळवतो. जाता जाता: एस म्हणजे उजवीकडे वळवणारा असा काही नियम नाही. या रेणूत एस-एस हा (+) आहे एवढंच. नैसर्गिक टार्टारिक आम्ल (+) असूनही आर-आर आहे, आणि ते थोड्याच वेळात या गोष्टीत येणार आहे.

लेडर्लीच्या मोजमापांत (+) म्हणजे एस-एस रूप क्षयाच्या जंतूंवर सगळ्यात प्रभावी ठरलं. मेसो त्याच्यापेक्षा सुमारे बारा पटींनी कमी. आर-आर तर शेकडो पटींनी कमी. वेगवेगळ्या ठिकाणी दोनशे ते पाचशे पट असा फरक दिलेला आढळतो. व्यवहारात आर-आर निकामीच म्हणायचं.

मला या आकड्यांत मेसोचा आकडा सगळ्यात बोलका वाटतो. मेसोचं एक टोक 'बरोबर' आहे, म्हणजे एस. रेणूची दोन्ही टोकं आपापलं काम स्वतंत्रपणे करत असती, तर मेसोचा जोर साधारण निम्मा भरायला हवा होता. तो बारावा हिस्सा भरतो. म्हणजे लक्ष्य असलेलं प्रथिन दोन्ही टोकं एकाच वेळी पकडतं, आणि एक टोक जरी उलटं बसलं तरी पकड ढिली होते. 1961 मध्ये ते लक्ष्य काय आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. आज माहीत आहे. क्षयाच्या जंतूच्या भिंतीत अरॅबिनोगॅलॅक्टन नावाची शर्करेची जाळी असते, तिच्या अरॅबिनोजच्या फांद्या जोडणारी एन्झाइमं ही ती लक्ष्यं. 2020 मध्ये या एन्झाइमांच्या, इथंबुटॉल आत बसलेल्या अवस्थेतल्या रचना प्रसिद्ध झाल्या. शर्करा देणारा रेणू आणि ती घेणारा रेणू ज्या जागी येतात, नेमक्या त्या जागा औषध अडवून बसतं, असं त्यांत दिसतं. तीन आयसोमरच्या नुसत्या तुलनेवरून जे अनुमान साठ वर्षांपूर्वी काढता येत होतं, ते चित्र आता डोळ्यांना दिसतं.

आता डोळ्यांचा विषय. इथंबुटॉल माणसांना द्यायला लागल्यावर लवकरच दृष्टी जाण्याच्या तक्रारी आल्या. 1962 मध्ये कार आणि हेनकाइंड या दोघांनी याची नोंद नेत्ररोगाच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. सुरुवातीचे डोस आजच्या मानाने प्रचंड होते. रोगी म्हणायचे की अंधुक दिसतं, वाचताना मधलं अक्षर गायब होतं, लाल आणि हिरवा यांत गोंधळ होतो. दृष्टीची मज्जा, म्हणजे ऑप्टिक नर्व्ह, बाधित होत होती. औषध लवकर बंद केलं तर बहुतेकांची नजर परत येई, पण सगळ्यांची नाही. पुढे डोस आणि बाधा यांचं नातं स्पष्ट झालं. रोज दर किलो वजनामागे 15 मिलिग्रॅमच्या आसपास ही बाधा एक टक्क्याहून कमी जणांत दिसते, 25 मिलिग्रॅमला पाच-सहा टक्क्यांत, आणि 35 मिलिग्रॅमच्या वर गेलं की जवळजवळ अठरा टक्क्यांत. नेत्रतज्ज्ञांच्या लेखनात हे आकडे वर्षानुवर्षं येत आहेत.

याच जागी ते लोकप्रिय वाक्य घसरतं. बाधा आर-आरमुळे होते असं धरलं, तर निव्वळ एस-एस दिल्यावर ती नाहीशी व्हायला हवी होती. झाली नाही, कमी झाली. तिन्ही आयसोमर डोळ्यांना जवळजवळ सारखेच बाधक आहेत असं मानलं की सगळं जुळतं. फरक आहे तो औषध म्हणून असलेल्या जोरात. आर-आर आणि मेसो जंतूंवर फारसं काम करत नाहीत, पण मज्जेला त्रास मात्र पुरेपूर देतात. म्हणजे ते गोळीतले फुकटे प्रवासी आहेत, खलनायक नाहीत.

आकडा मांडून पाहू, म्हणजे हे नुसतं शब्दांचं राहणार नाही. भारतात मोठ्या माणसांच्या चार औषधांच्या एकत्रित गोळीत 275 मिलिग्रॅम इथंबुटॉल असतं. 35 ते 49 किलो वजनाच्या रुग्णाला रोज अशा तीन गोळ्या. 45 किलोची बाई धरा, आपल्याकडे टीबीच्या रुग्णात हे वजन सहज आढळतं. तीन गोळ्या म्हणजे 825 मिलिग्रॅम, म्हणजे दर किलोमागे 18 मिलिग्रॅमच्या थोडं वर. हा तुलनेने सुरक्षित टप्पा आहे.

आता कल्पना करा की कारखान्याने एस-एस आणि आर-आर यांचं निम्मं-निम्मं मिश्रण दिलं. आर-आर निकामी, म्हणून तेवढाच औषधी परिणाम हवा असेल तर दुप्पट द्यावं लागेल: 1650 मिलिग्रॅम, दर किलोमागे जवळजवळ 37. आपण सरळ 35 च्या वरच्या पट्ट्यात गेलो. आणि मेसोही वगळलं नाही, म्हणजे ज्या अमाइनचे दोन रेणू जोडून औषध बनतं त्याचे आर आणि एस वेगळे न करता थेट औषध बनवलं तर? मग पावडरीत पाव भाग एस-एस, पाव भाग आर-आर आणि अर्धा भाग मेसो. जोर मोजला तर पाव अधिक अर्ध्याचा बारावा भाग, म्हणजे 0.29 च्या आसपास. 825 मिलिग्रॅम एस-एसचं काम करून घ्यायला सुमारे 2830 मिलिग्रॅम लागेल, दर किलोमागे जवळजवळ 63. प्रयोगशाळेतला जोर शरीरात अगदी याच प्रमाणात उतरतो असं नाही, हे गणित ढोबळ आहे. तरी दिशा चुकत नाही. नुसता आयसोमर बदलल्याने तीच बाई एक टक्क्याच्या पट्ट्यातून अठरा टक्क्यांच्या पलीकडे जाते.

शुद्ध एस-एसने मिळवून दिलं ते डोसमधलं अंतर, निर्धोकपणा नव्हे. जंतूंना पुरेसा डोस आणि मज्जेला न सोसणारा डोस या दोहोंमधली जागा रुंदावली. ती जागा अमर्याद नाही. इथंबुटॉलचा बराचसा भाग मूत्रपिंडातून बाहेर पडतो. मूत्रपिंड कमजोर असेल तर नेहमीच्याच डोसने रक्तातलं प्रमाण चढतं आणि ही जागा पुन्हा आक्रसते. म्हणून अशा रुग्णांत हे औषध रोज न देता एक दिवसाआड किंवा आठवड्यातून तीनदा देतात, आणि म्हणूनच डोळे तपासायचे. उपचार चालू असताना नजरेत काही बदल वाटला तर गोळी परस्पर बंद न करता त्याच दिवशी डॉक्टरांना सांगायचं, कारण अर्धवट सोडलेल्या टीबीचे प्रश्न वेगळे आणि मोठे आहेत.

एक शंका राहते. तिघांचा औषधी जोर इतका वेगळा, मग बाधा सारखी कशी? मज्जेला इजा नेमकी कशी होते याबद्दल एकमत नाही. पण बराच काळ चर्चेत असलेली एक कल्पना स्टिरिओआयसोमरच्या दृष्टीने फार शिकवणारी आहे. इथंबुटॉलचे दोन नायट्रोजन आणि दोन ऑक्सिजन मिळून तांबं किंवा जस्त यांसारख्या धातूंच्या आयनांना चांगले धरून ठेवतात. पेशीतल्या ऊर्जेच्या यंत्रणेला हे धातू लागतात, औषध ते अडकवून ठेवतं आणि मज्जेचं पोषण बिघडतं, अशी ही मांडणी. आता तांब्याचा एकटा आयन हा कायरल नाही, तो नुसता गोळा आहे. कायरल नसलेल्या कुठल्याही गोष्टीशी दोन एनान्शिओमर सारख्याच ताकदीने बांधले जातात, यात अपवाद असूच शकत नाही. फरक पडतो तो समोरचाही कायरल असेल तेव्हा, आणि जंतूचं एन्झाइम कायरल आहे, कारण ते एल-, म्हणजे एकाच हाताच्या, अमिनो आम्लांचं बनलेलं आहे. मेसो डायस्टिरिओमर असल्याने धातूशी त्याची पकड थोडी वेगळी असू शकते, पण एस-एस आणि आर-आर यांची नाही. ही मांडणी खरी असेल तर एस-एस आयसोमरने डोळ्यांना त्रास देऊ नये ही अपेक्षाच मुळात चुकीची होती.

थॅलिडोमाइडला याच्याच पंक्तीत बसवतात म्हणून दोन शब्द. तिथे 'चांगला' आयसोमर शुद्ध करून दिला तरी उपयोग नव्हता, पण कारण वेगळं. त्याच्या कायरल कार्बनवरचा हायड्रोजन शेजारच्या कार्बोनिल गटामुळे सहज निसटतो आणि परत बसताना कुठल्याही बाजूने बसतो, त्यामुळे शरीरात आर चा एस आणि एस चा आर होत राहतो. इथंबुटॉलच्या कायरल कार्बनशेजारी असा गट नाही, त्याची रचना टिकून राहते. एक उदाहरण आयसोमर बदलण्याचं, दुसरं आयसोमर न बदलताही धोका उरण्याचं. दोन्हींना एकाच ओळीत 'एक हात औषध, दुसरा हात विष' म्हणून गुंडाळलं की दोन्ही वाया जातात.

आता कारखान्यात जाऊ, कारण माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात सुंदर भाग तिथे आहे. इथंबुटॉल बनवायचा मार्ग आखूड आहे. 1-नायट्रोप्रोपेन आणि फॉर्माल्डिहाइड जोडून 2-नायट्रोब्युटॅनॉल, त्याला हायड्रोजन देऊन 2-अमिनोब्युटॅनॉल. हे अमाइन रेसिमिक असतं, आर आणि एस निम्मे-निम्मे. त्याचे दोन रेणू एका डायक्लोरोइथेनला जोडले की इथंबुटॉल तयार. जोडणी नायट्रोजनवर होते, कायरल कार्बनचा एकही बंध तुटत नाही, म्हणून एस जोडला तर एसच राहतो. सगळा प्रश्न एवढाच, की जोडण्याआधी आर बाजूला कसा काढायचा. दोन एनान्शिओमरची विद्राव्यता सारखी, उत्कलनबिंदू सारखा. गाळून, उकळून काही होणार नाही.

उपाय जुना आहे. पाश्चरने 1848 मध्ये टार्टरेटचे डावे-उजवे स्फटिक हाताने वेचले ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. पण उद्योगाला उपयोगी पडली ती त्याची थोड्या वर्षांनंतरची युक्ती: रेसिमिक मिश्रणाला दुसऱ्या एका शुद्ध कायरल पदार्थाशी क्षार बनवायला लावायचं. रेसिमिक अमिनोब्युटॅनॉलमध्ये मिथेनॉलसारख्या अल्कोहोलात नैसर्गिक (+) टार्टारिक आम्ल घालतात. तेच, जे द्राक्षात आणि चिंचेच्या कोळात असतं. आता पात्रात दोन क्षार असतात: एस-अमाइनचा आर-आर आम्लाशी झालेला, आणि आर-अमाइनचा त्याच आर-आर आम्लाशी झालेला. हे एकमेकांच्या प्रतिमा नाहीत, हे डायस्टिरिओमर आहेत. म्हणून त्यांची विद्राव्यता वेगळी. एस-अमाइनचं टार्टरेट स्फटिक होऊन खाली बसतं, दुसरं बरंचसं द्रावणात राहतं. गाळा, अल्कली घालून अमाइन मोकळं करा, झालं. गंमत अशी की या टार्टारिक आम्लाचेही आयसोमर तीनच: (+), (−) आणि मेसो, इथंबुटॉलसारखेच दोन जुळ्या अर्ध्या भागांमुळे. या वाटेने निम्मं अमाइन बाजूला पडतंच. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी 2006 मध्ये प्रोलीन हे अमिनो आम्ल उत्प्रेरक म्हणून वापरून एस-एस इथंबुटॉल थेट एकाच रूपात बनवण्याचे मार्ग प्रसिद्ध केले, ते ही निम्मी नासाडी टाळण्याच्याच दिशेने.

वेगळं करणं कधीच शंभर टक्के होत नाही. समजा अमाइन 98 टक्के एस आणि 2 टक्के आर मिळालं. पुढे औषधात आर-आर किती येईल? पटकन तोंडात येतं, दोन टक्के. खरा आकडा 0.04 टक्के, कारण आर-आर बनायला दोन्ही टोकांना आर यावा लागतो आणि 2 टक्क्यांचे 2 टक्के तेवढेच होतात. एस-एस 96.04 टक्के. उरलेले 3.92 टक्के मेसो. चुकीचं अमाइन जवळजवळ सगळंच्या सगळं मेसोमध्ये जाऊन लपतं. मजेचा भाग असा की यामुळे दोन एनान्शिओमरमधलं प्रमाण आपोआप सुधारतं. अमाइनमध्ये ते 49 ला 1 होतं, औषधात ते 2401 ला 1, म्हणजे 49 चा वर्ग. आणि मेसो हा डायस्टिरिओमर असल्याने साध्या स्फटिकीकरणाने तो कमी करता येतो. रेणूचे दोन अर्धे भाग सारखे असण्याचा हा फायदा, जो फळ्यावर तीन आयसोमर मोजताना कुणाच्या लक्षात येत नाही.

त्यामुळे शुद्धता तपासताना खरी नजर मेसोवर ठेवावी लागते, आणि पोलरीमीटर (ध्रुवित प्रकाश किती वळतो ते मोजणारं उपकरण) तिथे तोकडा पडतो. शुद्ध इथंबुटॉल डायहायड्रोक्लोराइडचं विशिष्ट वलन पाण्यात जेमतेम सहा ते सात अंश आहे, आणि मान्य मर्यादाही साधारण तेवढीच ठेवलेली आहे. 4 टक्के मेसो मिसळलं तर साडेसहाचं सहा-पूर्णांक-दोन होईल, मर्यादेच्या आतच. उपकरण म्हणेल माल ठीक आहे. म्हणून मेसो आणि आर-आर यांची गणना अशुद्धी म्हणून स्वतंत्रपणे, क्रोमॅटोग्राफीने केली जाते. त्यासाठी नमुन्याची आधी एका शुद्ध कायरल अभिकर्मकाशी अभिक्रिया करतात, म्हणजे तिन्ही आयसोमरची तीन वेगवेगळी डायस्टिरिओमर तयार होतात आणि स्तंभातून वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात. टार्टारिक आम्लाने जे पातेल्यात केलं, तेच इथे मोजण्यासाठी.

परीक्षेत 'इथंबुटॉलचे आयसोमर किती?' असं विचारण्याऐवजी मी विचारेन: अमाइन 95 टक्के एस असेल तर औषधात मेसो किती आणि आर-आर किती, आणि त्यातलं पोलरीमीटरला किती कळेल? पहिल्या दोनांची उत्तरं 9.5 आणि 0.25 टक्के. तिसऱ्यासाठी एस-एसच्या 90.25 मधून आर-आरचं 0.25 वजा करायचं आणि साडेसहाला तेवढ्या हिश्श्याने गुणायचं. उत्तर 5.85 च्या आसपास येतं, म्हणजे या वेळी माल सहा अंशांच्या मर्यादेखाली घसरतो आणि पोलरीमीटरलाही पकडता येतो.